मुदत संपलेली फिल्म आणि फोटोवरचे डाग

मुदत संपलेल्या फिल्मवर काढलेल्या फोटोंत दोन तऱ्हेचे दोष आढळतात. एक दोष फोटोभर सारखा पसरलेला असतो. काळा रंग काळा न राहता राखाडी होतो, सावलीतले बारकावे बुजतात, रंगांवर हिरवट किंवा जांभळट छटा चढते, दाणे जाड दिसू लागतात. दुसरा दोष जागोजागी असतो: ठिपके, पट्टे, नखाएवढे अर्धचंद्र, फाटे फुटलेल्या रेघा, कधी तर चक्क आभाळात उमटलेले आकडे. पहिला दोष बहुतेक वेळा वयाचाच असतो. दुसऱ्याचे खापरही वयावर फोडले जाते, पण तिथे खरा दोषी अनेकदा वेगळाच निघतो. कॅमेऱ्याचे सडलेले फोम, फिल्म धुतानाची घाई, नळाचे जड पाणी, स्कॅनरच्या काचेवरची धूळ यांपैकी कुणीही तो असू शकतो. फोटो स्टुडिओत या सगळ्याचा निकाल 'रोल जळला' एवढ्या दोन शब्दांत लागायचा. निकाल सोयीचा खरा, पण त्याने पुढचा रोल वाचत नाही.

फिल्म म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर चढवलेला जिलेटिनचा पातळ थर. या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडला की स्फटिकावर चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. डोळ्यांना यातले काही दिसत नाही, पण फिल्म धुण्याच्या डेव्हलपर या रसायनाला तेवढी खूण पुरते आणि तो त्या अख्ख्या स्फटिकाची चांदी करून टाकतो. अडचण अशी की हे मोजके अणू गोळा व्हायला प्रकाशच लागतो असे नाही. उष्णता, किरणोत्सार, काही वायू, इतकेच काय, नुसता दाबही ते काम करू शकतो, आणि खूण कशामुळे झाली हे डेव्हलपर विचारत बसत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश न लागताही फिल्मवर असा जो करडा पडदा चढतो त्याला फॉग म्हणतात. जुन्या फिल्मचे मुख्य दुखणे हेच.

रंगीत फिल्ममध्ये असे एकावर एक तीन थर असतात. वरचा निळ्या प्रकाशाला, मधला हिरव्याला आणि खालचा लाल प्रकाशाला दाद देणारा. तिन्ही थर एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. त्यामुळे सावल्यांवर एक छटा आणि उजेडाच्या भागावर तिच्या विरुद्ध छटा असा प्रकार होतो, आणि स्कॅनिंगच्या वेळी एक सुधारायला जावे तर दुसरी वाढते. लग्नाच्या जुन्या रोलमधला नवरदेव हिरवा आणि मांडव जांभळा दिसतो तो यामुळे. या दोषाला आकार नसतो, कडा नसतात, आणि तो पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत थोड्याफार फरकाने सारखाच असतो. वयाची ओळख पटवायची ती या सारखेपणावरून.

डब्यावरची तारीख ही फिल्म थंड आणि कोरड्या जागी ठेवली जाईल असे धरून छापलेली असते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तीन मे महिने काढलेला रोल तारखेआधीच म्हातारा होतो, आणि फ्रीजमध्ये नीट ठेवलेला रोल तारखेनंतर पंधरा-वीस वर्षांनी ठणठणीत निघू शकतो. म्हणून तारखेपेक्षा 'कुठे ठेवला होता' हा प्रश्न महत्त्वाचा. मात्र अवकाशातून येणारे विश्वकिरण आणि आसपासच्या दगडविटांतला नैसर्गिक किरणोत्सार यांना फ्रीज अडवू शकत नाही. जितकी फिल्म वेगवान, म्हणजे प्रकाशाला जितकी संवेदनशील, तितका त्यांचा परिणाम मोठा, म्हणून आयएसओ ३२०० ची फिल्म फ्रीजरमध्ये ठेवूनही बिघडते आणि आयएसओ ५० ची कृष्णधवल फिल्म कपाटातही टिकते.

रंगीत निगेटिव्ह फिल्मला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश जास्त द्यावा असा एक ठोकताळा आहे. वीस वर्षांपूर्वी मुदत संपलेली आयएसओ २०० ची फिल्म त्या हिशेबाने ५० ची समजून वापरायची. हा जास्तीचा प्रकाश फॉग घालवत नाही, तो फक्त चित्राला फॉगच्या वर उचलतो. स्लाइड फिल्मला हा ठोकताळा लावू नये, तिथे उजेडाचे भाग पार धुऊन निघतात. कृष्णधवल फिल्म घरी धुणारे लोक डेव्हलपरमध्ये बेन्झोट्रायझोलची थोडी मात्रा घालून फॉग दाबतात. त्याने फिल्मचा वेगही थोडा कमी होतो.

थंडीत फिल्म किती तग धरू शकते याचा सर्वांत विलक्षण दाखला उत्तर ध्रुवाजवळचा आहे. स्वीडनचा सालोमोन आंद्रे आणि त्याचे दोन सोबती ११ जुलै १८९७ रोजी स्पिट्सबर्गन द्वीपसमूहातून बलूनमध्ये बसून ध्रुवाकडे निघाले आणि परतले नाहीत. ऑगस्ट १९३० मध्ये क्विटोया बेटावर त्यांचे अवशेष सापडले आणि त्यांत सोबती निल्स स्ट्रिंडबर्गने काढलेल्या फोटोंच्या फिल्मही होत्या. ३३ वर्षे ओल्या बर्फात पडलेल्या या फिल्म स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्झबर्गने धुतल्या आणि सुमारे २४० पैकी ९३ फोटो वाचवले. बर्फावर कोसळलेल्या बलूनजवळ उभ्या दोन माणसांचा फोटो त्यांतलाच. त्या फोटोंवर डाग भरपूर आहेत, पण ते पाण्याचे आणि उघड्यावर पडल्याचे आहेत. चित्र मात्र जागेवर आहे.

निदानाची सुरुवात निगेटिव्हपासून करावी, फोटोच्या प्रिंटपासून किंवा मोबाइलवर आलेल्या स्कॅनपासून नव्हे. स्कॅनरचे सॉफ्टवेअर फॉगने मळलेली निगेटिव्ह पाहिली की स्वतःच्या अकलेने कॉन्ट्रास्ट ताणते आणि साध्या दाण्यांचे खडे करून दाखवते. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्ह धरून भिंगातून पाहिली तरी पुष्कळ गोष्टी उलगडतात. डाग निगेटिव्हवर नसेलच तर तो स्कॅनरचा, आणि शोध तिथेच संपतो. खात्री करायला निगेटिव्ह उलट दिशेने ठेवून पुन्हा स्कॅन करावी. रेघ चित्रासोबत फिरली नाही, पहिल्याच जागी राहिली, तर दोष यंत्राचा. फिल्म काचेला चिकटून बसल्याने उमटणारी इंद्रधनुषी वलयेही याच जातीची.

डाग निगेटिव्हवर असेल तर पुढचा प्रश्न असा, की तिथे चांदी जास्त आहे की कमी? निगेटिव्हवर काळा आणि फोटोत पांढरा असलेला डाग म्हणजे त्या जागी काहीतरी जास्तीचे घडले. प्रकाश घुसला, किरणोत्सार झाला, दाब पडला किंवा डेव्हलपर जास्त खेळला. निगेटिव्हवर स्वच्छ आणि फोटोत काळा असलेला डाग म्हणजे काहीतरी कमी पडले. तिथे डेव्हलपर पोचला नाही, जिलेटिन खाल्ले गेले किंवा फोटो काढताना प्रकाशाच्या आड काही आले. धुळीचे उदाहरण घेतले की हे चटकन कळते. फोटो काढताना फिल्मवर बसलेला केस फोटोत काळा उमटतो. तोच केस स्कॅन करताना निगेटिव्हवर बसला तर पांढरा उमटतो. केस एकच, पण तो केव्हा आला हे रंगावरून ठरते.

तिसरा प्रश्न डागाच्या हद्दीचा. डाग फ्रेमच्या चौकटीशी येऊन बरोबर थांबतो, की दोन फ्रेममधली कोरी पट्टी ओलांडून कडेच्या भोकांपर्यंत जातो? चौकटीच्या आत थांबणारा डाग लेन्समधून किंवा शटरमधून आलेला असतो, कारण चौकट ही कॅमेऱ्याच्या खिडकीची सावली आहे. चौकट ओलांडणाऱ्या डागाचा लेन्सशी संबंध नसतो. तो फिल्म गुंडाळलेली असताना, कॅमेऱ्यात उघडी पडलेली असताना किंवा धुतली जात असताना झालेला असतो. हा एक प्रश्न विचारला तरी निम्मे संशयित बाद होतात, आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत, कारण लॅब स्कॅन देताना कडा कापून टाकते.

कडेला छापलेली अक्षरेही बोलकी असतात. फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने फिल्मवर उमटवलेले असतात आणि फिल्म धुतली की ते चित्रासोबत दिसू लागतात. फ्रेम कोऱ्या आणि अक्षरे मात्र ठसठशीत असतील तर धुण्यात चूक नाही, फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही. बहुधा फिल्मची भोके कॅमेऱ्याच्या दात्यांवरून निसटली आणि रोल पुढे सरकलाच नाही. अक्षरेही नसतील तर डेव्हलपरने काम केलेले नाही. अक्षरे आहेत पण भोवतालच्या करड्यात बुडाली आहेत, तर तो वयाचा फॉग.

चौथा प्रश्न अंतराचा, आणि त्यासाठी साधी मोजपट्टी लागते. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका फ्रेमच्या सुरुवातीपासून पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीपर्यंत ३८ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे कडेची आठ भोके. दर ३८ मिलिमीटरवर त्याच जागी येणारी खूण कॅमेऱ्याची. कापडी शटर असलेला जुना कॅमेरा उन्हात लेन्सचे झाकण न लावता ठेवला, की सूर्याची प्रतिमा पडद्याला सुईच्या टोकाएवढे भोक पाडते आणि मग प्रत्येक फ्रेममध्ये तोच पांढरा ठिपका हजेरी लावतो. दर ४.७५ मिलिमीटरवर येणारी खूण कडेच्या भोकांची. आणि जर खुणांमधले अंतर रोलच्या सुरुवातीला सहा सेंटीमीटरच्या आसपास असेल आणि शेवटाकडे जाता जाता कमी होत साडेतीन-चारवर येत असेल, तर फिल्म कॅसेटमध्ये गुंडाळलेली असतानाच ती इजा झाली आहे. बाहेरच्या वेढ्याचा घेर मोठा, आतल्याचा लहान, एवढाच हा हिशेब. मोजपट्टीने एवढी पक्की साक्ष दुसऱ्या कुठल्याच दोषात मिळत नाही.

प्रकाश घुसल्याच्या खुणा सर्वांत जास्त आढळतात. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाच्या खाचेत काळा फोम बसवलेला असतो. वीस-पंचवीस वर्षांत तो डांबरासारखा चिकट होऊन झडतो आणि बिजागरीच्या बाजूने प्रकाश आत येतो. हा प्रकाश फिल्मच्या पाठीवर पडतो, म्हणून रंगीत फिल्ममध्ये तो आधी सर्वांत खालच्या, लाल प्रकाशाच्या थराला गाठतो. फोटोत नारिंगी किंवा लालभडक झोत दिसतो तो यामुळे. समोरच्या बाजूने आलेला प्रकाश पांढरट दिसतो. ज्या फ्रेमवर रोल कित्येक दिवस तसाच पडून राहिला, तिच्यावरचा झोत बाकीच्यांपेक्षा दाट असतो. कॅमेऱ्यात मुदत संपलेली फिल्म असली म्हणून या झोताचे पाप तिच्या माथी मारता येत नाही. त्याच कॅमेऱ्यात ताजी फिल्म घातली तरी तो तिथेच उमटेल.

फिल्मच्या वयाशी संबंध असलेली एक गळती मात्र आहे. कॅसेटच्या तोंडाला जी मखमली पट्टी असते ती जुनी होऊन चेपते आणि तिथून प्रकाश आत शिरतो. त्याचा मार बाहेरच्या वेढ्यांना, म्हणजे रोलच्या पहिल्या काही फ्रेमना बसतो आणि पुढे तो विरत जातो. कधी कधी वरच्या वेढ्याच्या भोकांतून खालच्या वेढ्यावर प्रकाश पडून चित्राच्या ऐन मध्यभागी चौकोनी ठिपक्यांची रांग उमटते. हे ठिपके भोकांच्या आकाराचे हुबेहूब असतात, त्यामुळे ओळखायला सोपे.

१२० च्या रोलचा मामला वेगळा. ही फिल्म कॅसेटमध्ये नसते, तिच्या पाठीला लांब कागद असतो आणि त्यावर फ्रेमचे आकडे छापलेले असतात. भारतात घरोघरी गेलेल्या अ‍ॅग्फा क्लिक-थ्रीसारख्या कॅमेऱ्यात मागे एक लाल काचेची खिडकी होती. तिच्यातून कागदावरचा आकडा पाहायचा आणि पुढचा आकडा येईपर्यंत रोल फिरवायचा, असे बारा फोटो. लाल रंग निवडला गेला तेव्हा बहुतेक कृष्णधवल फिल्मना लाल प्रकाश दिसत नसे. नंतरच्या सर्व रंगांना दाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मना तो दिसतो. कडक उन्हात खिडकी उघडी राहिली, किंवा जुना कागद विरळ झाला, की फ्रेमच्या मध्याजवळ एक गोल डाग उमटतो आणि कधी त्या गोलात आकडाही दिसतो.

पण आभाळात उमटलेला प्रत्येक आकडा खिडकीचा नसतो. कागदावरची शाई वर्षानुवर्षे फिल्मला चिकटून राहिली की उष्णता आणि दमट हवेत तिच्यातली रसायने थरावर परिणाम करतात. मग आकडे, बाण, कंपनीचे नाव, ठिपक्यांच्या रांगा असे जे जे कागदावर छापलेले ते चित्रात फिकट उमटते. फरक असा, की खिडकीचा डाग गोल चौकटीत एकाच आकड्यापुरता असतो आणि दर फ्रेमला ठरावीक जागी येतो. शाईची खूण सगळीकडे पसरलेली असते, तिला गोल हद्द नसते, आणि एकसारख्या करड्या भागात, म्हणजे आभाळ किंवा भिंतीवर, ती जास्त डोळ्यांत भरते. ही व्याधी फक्त जुन्या फिल्मची आहे असेही नाही. २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या १२० फिल्मच्या काही बॅचमध्ये मुदत शिल्लक असतानाही हा दोष निघाला होता आणि कोडॅक अलारिसने त्या बॅचचे क्रमांक जाहीर केले होते. ३५ मिलिमीटर फिल्मला पाठीचा कागदच नसतो, तेव्हा तिच्यावर असे आकडे दिसले तर कारण दुसरीकडे शोधावे.

त्याच कागदातल्या ओलाव्यामुळे १२० च्या जुन्या फिल्मवर चट्टे उठतात. दाणे एकसारखे न राहता त्यांचे पुंजके होतात आणि सपाट आभाळ गारगोटीसारखे दिसते. हा दोष खरोखर वयाचा, आणि त्यावर उपाय नाही. गजबजलेल्या पोताचा विषय निवडला, झाडे, गर्दी, खडक, तर तो लपतो इतकेच.

फ्रीजमधून काढलेला रोल लगेच उघडला तर दमट हवेतली वाफ थंड फिल्मवर जमते आणि थेंबांचे गोल ठसे राहतात. जपून ठेवण्याच्या नादात फिल्मचा घात होतो तो असा. बंद डबीतच रोल काही तास बाहेर ठेवावा, मग उघडावा.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने फिल्मचा खरा शत्रू बुरशी. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले प्रथिन, बुरशीचे आवडते अन्न. ती जिलेटिनवर वाढते तेव्हा मधोमध एक बिंदू आणि त्यातून चहूबाजूंना पसरणारे बारीक तंतू दिसतात. निगेटिव्ह तिरपी धरून उजेडात पाहिली तर थर त्या जागी खरवडल्यासारखा मॅट दिसतो. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळू लागते, म्हणून अशी निगेटिव्ह धुवायला पाण्यात घालणे हा चित्र कायमचे घालवण्याचा खात्रीशीर मार्ग. कोरड्या मऊ ब्रशने किंवा फिल्म क्लीनरने जेवढे निघेल तेवढेच काढावे.

बुरशीच्या तंतूंशी गल्लत होते ती वीज चमकल्यासारख्या रेघांची. कोरड्या थंड हवेत रोल झपाट्याने फिरवला की घर्षणाने स्थिर विद्युत साठते आणि तिची ठिणगी फिल्मवर उडते. ठिणगीचा प्रकाश स्वतःचा फोटो काढून ठेवतो: एका बिंदूतून निघालेली, फाटे फुटत गेलेली पांढरट किंवा निळसर रेघ. तिथे थर शाबूत असतो, फक्त चांदी जास्त असते, आणि तिरप्या उजेडात काहीच वेगळे दिसत नाही. बुरशी आणि ठिणगी यांतला निवाडा या तिरप्या नजरेनेच होतो. डिसेंबरात नाशिककडे हवा कोरडी असताना मोटरने रोल गुंडाळणाऱ्या कॅमेऱ्यात हे घडू शकते. जुलैत रत्नागिरीला सहसा घडत नाही.

विमानतळावर चेक-इन सामानात गेलेल्या फिल्मवर एक वेगळीच खूण राहते. तिथल्या यंत्राचा तीव्र क्ष-किरणांचा झोत गुंडाळलेल्या फिल्ममधून आरपार जातो आणि फिल्म उलगडली की तो सरळ पट्टा नागमोडी लाटेसारखा दिसतो. लाट फ्रेमची चौकट पाळत नाही आणि तिची लांबी रोलच्या शेवटाकडे आखूड होत जाते. हाती नेण्याच्या सामानासाठी आता बसवली जाणारी सीटी यंत्रेही फिल्मला घातक आहेत. आधीच फॉग चढलेल्या जुन्या फिल्मला तर तो मारावर मार. सुरक्षा रक्षकाला हाताने तपासण्याची विनंती करणे एवढेच हातात असते.

किरणांच्या खुणांचे निदान किती खोल जाऊ शकते याचे एक प्रकरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९४५ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर, एकदाही न वापरता, बारीक ठिपके उमटू लागले. कंपनीतला भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब याने ठिपक्यांचा माग काढला. फिल्मच्या आड घातलेल्या जाड पुठ्ठ्यातले कण ते ठिपके पाडत होते. युद्धकाळात रेडियमचा रंग लावणाऱ्या कारखान्यांतला रद्दी कागद पुठ्ठ्यात मिसळल्याने असे पूर्वीही झाले होते, म्हणून पहिला संशय रेडियमवर गेला. पण या कणांतून अल्फा किरण निघत नव्हते आणि त्यांचा जोर सुमारे महिन्याभरात निम्मा होत होता. रेडियमला निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. ते सेरियम-१४१ होते, आणि ते निसर्गात सापडत नाही. अणूच्या विभाजनातून ते तयार होते.

पुठ्ठा इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्सच्या गिरणीत बनला होता आणि गिरणी वाबाश नदीचे पाणी वापरत होती. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अणुबाँबचा पहिला गुप्त चाचणीस्फोट झाला. त्याची धूळ दीड हजारांहून जास्त किलोमीटर वाऱ्यावर जाऊन पावसाबरोबर नदीत उतरली आणि तिथून पुठ्ठ्यात आली. वेबने हे संशोधन १९४९ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध केले. पुढे नेवाडातल्या चाचण्यांच्या वेळी अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग फिल्म कंपन्यांना आधी सूचना देऊ लागला. फिल्मवरचा डाग विज्ञानाला काही सांगून जातो हे त्याआधीही एकदा घडले होते. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये आंरी बेकरेलने खणात ठेवलेल्या युरेनियमच्या क्षारांनी काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच उन्हाशिवाय काळवंडवली आणि किरणोत्साराचा शोध लागला.

घरगुती डागांकडे परत यायचे तर धुण्यातल्या चुका बाकी राहतात. दशकानुदशके गुंडाळून राहिलेली फिल्म सरळ व्हायला तयार नसते, आणि अंधारात ती रिळावर चढवताना हमखास मुडपते. मुडपलेल्या जागी दाबामुळे नखाएवढा अर्धचंद्र उमटतो. दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तिथे रसायन पोचतच नाही आणि दुधी, अपारदर्शक चट्टा राहतो. येथे वयाचा हात आहे, पण अप्रत्यक्ष. डेव्हलपर ओतल्यावर टाकी टेबलावर दोन-चारदा आपटली नाही की हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटून बसतात आणि प्रत्येकाखाली निगेटिव्हवर एक स्वच्छ गोल राहतो. डेव्हलपर कमी ओतला तर फिल्मच्या एका कडेने लांबच्या लांब फिका पट्टा येतो, सरळ रेषेत. टाकी जोरजोरात आणि एकाच लयीत हलवली तर कडेच्या भोकांतून द्रव उसळून प्रत्येक भोकासमोर चित्रात एक फटकारा येतो. हे फटकारे विरत जाणारे असतात, प्रकाशाने उमटलेल्या भोकांसारखे रेखीव नसतात.

डेव्हलपरनंतरचे रसायन, म्हणजे फिक्सर, दमलेले असेल तर सगळी फिल्म दुधी दिसते. या दोषाला भिण्याचे कारण नाही, ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा घातली की ती स्वच्छ होते. फिक्सर जिवंत आहे का हे पाहायला फिल्मच्या तोंडाचा कापलेला तुकडा त्यात टाकावा, तो जितक्या वेळात पारदर्शक होईल त्याच्या दुप्पट वेळ पूर्ण रोलला द्यावा. वाळताना राहिलेले थेंबांचे पांढरे ठसे जड पाण्याचे. ते पाठीच्या बाजूला असतील तर पुसले जातात. शेवटची धुलाई शुद्ध पाण्यात, ओलावा पसरवणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब घालून केली तर ते उमटतच नाहीत. आणि मे महिन्यात गरम डेव्हलपरमधून निघालेली फिल्म एकदम फ्रीजच्या पाण्यात घातली तर जिलेटिन आक्रसून बारीक सुरकुत्यांचे जाळे पडते. त्यावर इलाज नाही.

डबीचे झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला तर प्रश्न थराचा नसून पट्टीचा आहे. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पट्टी उष्ण दमट हवेत कुजते, तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते, ती आक्रसते आणि थरावर वळ्या पडतात. ईस्टमन कोडॅककडे या कुजण्याची पहिली तक्रार गेली ती भारत सरकारकडून, ट्रायअ‍ॅसिटेट फिल्म बाजारात आल्यानंतर दहा वर्षांच्या आत. असा रोल बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा ठेवावा, कारण त्याची वाफ शेजाऱ्यांनाही बाधते.

कपाटात सापडलेला जुना रोल धुवायला देण्याआधी त्याच्या डबीवरची प्रक्रिया वाचावी. सी-४१ लिहिलेला रंगीत रोल आजही धुतला जातो. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू'सारखा कृष्णधवल रोल कुणीही जाणकार घरी धुऊ शकतो. कोडाक्रोम या फिल्मची रंगीत प्रक्रिया करणारी शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली, ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेईनाशी झाली, तेव्हा त्या रोलमधून आता फक्त कृष्णधवल चित्रच निघू शकते. एकाच पेटीत एकाच जातीचे दोन-तीन रोल असतील तर सर्वांत कमी महत्त्वाचा आधी धुऊन पाहावा. आणि लॅबला एक गोष्ट आवर्जून सांगावी: निगेटिव्ह सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापू नका, अखंड परत द्या. कापलेल्या पट्ट्यांवर डागांमधले अंतर मोजता येत नाही.